पेटीतली घुंगरं

पिंपरीच्या औषध कारखान्याच्या वसाहतीत रुक्मिणीबाई जुन्नरची म्हणून ओळखली जायची. ते खोटंही नव्हतं. जुन्नरच्या जत्रेत ती तमाशाच्या फडावर सात वर्षं नाचली होती. कारखान्यातल्या यशवंतरावांनी तिला तिथंच पाहिलं आणि लग्न केलं. अट एकच. "इथं कुणाला कळलं, त्या दिवशी तुझी वाट वेगळी." वाट कुठली? फड मोडला होता, माहेर कधी नव्हतंच. मग तिनं आवाज गिळला. दोन खोल्या, एक दार, कारखान्याच्या भोंग्यावर बेतलेला दिवस. ओवीसुद्धा ओठांतल्या ओठांत.

भोंडल्याच्या दिवसांत मात्र सगळ्या पोरी तिच्याच अंगणात जमायच्या. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर धरायचा आणि पाठ केलेली गाणी भराभर उरकून खिरापत ओळखायला धावायचं! रुक्मिणीबाईला ते बघवेना.

"अगं पोपटांनो," ती म्हणाली, "आजीची गाणी आजीनं म्हटली. तुम्ही काय बघितलंत ते गा की! एकेकीनं आपलं गाणं रचून आणायचं. खरं असलं पाहिजे, एवढंच."

"यमक जुळलं नाही तर?"

"नाही जुळलं तर पायानं ठेका धरा, कुणाला कळतंय!"

नवव्या दिवशी आयाही ऐकायला आल्या. एकीनं गायलं, "भोंग्याआधी बाबा पळे, डबा राहिला चुलीपाशी." सावित्रीबाईंना ठसका लागेस्तोवर हसू आलं. त्या शेजारीण, डबा त्यांच्याच घरचा.

मग सलिमा पुढं आली. मेकॅनिक इकबालची नऊ वर्षांची लेक. मागल्या आठवड्यात ती चाळण मागायला आली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं आणि रुक्मिणीबाई ट्रंकेपुढं बसून घुंगरांची वादी तेलानं पुसत होती. "कुणाची?" पोरीनं विचारलं होतं. "देवीची," रुक्मिणीबाईनं सांगितलं होतं.

सलिमानं डोळे मिटले.

"काकूच्या घरात काळी पेटी,
घुंगरं आत रुसून बसली,
काकू त्यांना तेल लावी,
पाय आपले लपवून ठेवी."

फेर थांबला.

"अगंबाई!" सावित्रीबाई म्हणाल्या. "घुंगरं? कुणाची हो, रुक्मिणीबाई?"

फाटकाशी सायकल धरून यशवंतराव उभे होते. पहिली पाळी सुटली होती, हे तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

'पोरीची जात, मनाचंच बोलते.' एवढं एक वाक्य पुरलं असतं. सगळ्या हसल्या असत्या, ती वाचली असती. वाक्य जिभेवर आलंही होतं. पण सलिमानं डोळे उघडले आणि तिच्याकडेच पाहिलं.

"काकू, चुकलं का? तुम्हीच म्हणालात, खरं असलं पाहिजे."

रुक्मिणीबाईनं पदर कमरेला खोचला.

"चुकलं नाही गं. शेवटची ओळ तेवढी खाली पडली. उंच घे. अशी." आणि तिनं ती गाऊन दाखवली. मोकळ्या मैदानातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा आवाज, तो दोन खोल्यांत कुठला मावायला?

कुणी टाळी वाजवली नाही. आयांनी आपापल्या पोरींची मनगटं धरली. झाकलेली खिरापत कुणी ओळखली नाही. सावित्रीबाई जाताना अंगणातलं आपलं पातेलं तेवढं घेऊन गेल्या.

यशवंतरावांनी सायकल भिंतीला टेकवली. तिच्याकडे पाहिलं नाही.

"परवा रविवार आहे. पेटी पवनेच्या पाण्यात सोडून येतो. तुझं काय ते मग बघू. दार लाव."

ती दारापाशी गेली. कडीला हात घातला. लांब, इकबालच्या गॅरेजकडून सलिमाचा आवाज येत होता. पोर एकटीच ती ओळ घोकत होती. एकदा घसरली. पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा लागली, उंच.

तोवर रुक्मिणीबाई तशीच उभी राहिली. मग तिनं कडी लावली.