काठीच्या वर तीन, खाली तीन

काल डहाणूहून चिकूंची पेटी आली. झाकण उघडताच वास आला आणि मी पुन्हा आमच्या वाडीत, आठवीचा गृहपाठ घेऊन बसले.

अंशात क्षचा घन, छेदातही क्षचा घन. बाबांनी काठी आडवी ठेवली, वर तीन चिकू मांडले, खाली तीन. "सारखं ते काटायचं ना?" म्हणत त्यांनी जोड्या उचलल्या. नुसती काठी उरली. "शून्य लिही."

दुसऱ्या दिवशी बाईंनी फुली मारली. उत्तर एक होतं.

बाबांनी पुन्हा चिकू मांडले, पुन्हा जोड्या उचलल्या. "सगळंच काटलं, मग हा एक आला कुठून?"

आता मीच गणित शिकवते. एक का येतो, तेही समजावते. पण हा वास आला की मला बाबांचंच बरोबर वाटतं.