न पुसलेले पात्र

माझी कन्या घरी बसून मोबाइलवरचे खेळ रचते. तिच्या नव्या खेळात आमच्या शहराजवळच्या तिलवाऱ्यासारखा एक घाट आहे: पायऱ्या, बांधलेल्या दोन होड्या आणि खाली नर्मदेचे हिरवट पाणी. एका दुपारी तिने मला संगणकापाशी बोलावले.

"बाबा, पाण्यात काही दिसून राहिलं का?"

पायऱ्यांवर कोणीही नव्हते. पाण्यात मात्र एक चेहरा उलटा तरंगत होता, काठावर उभ्या माणसाचे प्रतिबिंब पडावे तसा. तो चौकोनी तुकड्यांत फुटलेला होता. कपाळ एकीकडे, हनुवटी दुसरीकडे. तरीही उजव्या भुवईवरचा तीळ मी ओळखला. तो तिच्या आईचा होता, आणि तिला जाऊन तीन वर्षे व्हायला आली होती. बाहेर लख्ख ऊन असूनही मी एक पाऊल मागे सरकलो.

"घाबरू नका. भूतबित नाही, माझीच चूक आहे."

मग तिने समजावले. पडद्यावर चित्र उमटवण्यासाठी संगणकातल्या ग्राफिक्स कार्डाला आज्ञा द्याव्या लागतात, आणि त्या देण्याच्या रीती अनेक आहेत. तिच्यापुढे दोन होत्या. जुनी रीत अनुभवी पुरोहितासारखी. यजमान काही विसरला तरी ती सांभाळून घेते. पण त्या सांभाळण्यात वेळ जातो, साधा फोन तापतो आणि पाणी अडखळत वाहते. नवी रीत वेगवान, परंतु ती न सांगितलेले काहीच करीत नाही. चित्रासाठी कार्डाच्या स्मृतीत जागा मागितली की देते, मात्र ती स्वच्छ करून देत नाही. आधी तिथे जे असेल ते तसेच राहते. श्राद्धासाठी तिने आईचा फोटो याच संगणकावर मोठा केला होता. त्याचे अवशेष पाण्यात आले होते. उलटे एवढ्याचसाठी, की या रीतीत वरची आणि खालची दिशा जुन्या रीतीच्या विरुद्ध मोजतात.

"पात्र न पुसता त्यात तीर्थ ओतलेस," मी म्हणालो.

"तसंच समजा."

इतक्यात तिच्या कामातल्या भागीदार मैत्रिणीचा फोन आला. ती आमच्याच शहरातल्या घमापुरची, हिंदी बोलणारी. तिचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"दीदी, तीन दिन हो गए! कौन सा रखना है? पुरानावाला रखो, नहीं तो नएवाले में वो सफाई की एक लाइन डाल दो। कल खेल देना है!"

"हो, हो, करून राहिली ना," म्हणत कन्येने फोन ठेवला.

मी विचारले, "एकच ओळ आहे, तर काहून थांबलीस?"

"रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी मीच आईचा फोटो उघडते, बाबा. नाही उघडला तर पाण्यात ती येत नाही." पडद्याकडे पाहतच तिने विचारले, "तुम्ही पुसलं असतं?"

आयुष्यभर लोकांची श्राद्धे मी सांगितली. आवाहन केलेल्याला निरोप दिल्यावाचून कर्म पुरे होत नाही, हे शेकडो यजमानांना बजावले. पण पत्नीच्या दोन्ही वार्षिक श्राद्धांत विसर्जनाचे वाक्य मी उच्चारलेच नव्हते. मुलीला वाटले, बाबांनी मनात म्हटले असेल. दोन वर्षे तिन्हीसांजेला देवघराच्या दारापाशी कोणी उभे असल्याचा भास मला होत होता, आणि मी मान वळवून पाहत नव्हतो. पाहिले तर ती जाईल, असे वाटे.

हे सारे त्या दुपारी मी तिला सांगितले.

ती हसली नाही की रागावली नाही. "म्हणजे तुमची पण एकच ओळ राहून गेली," एवढेच म्हणाली.

पाण्यातला चेहरा किंचित हलला. लाटेमुळे असेल.

"नवी रीत ठेव," मी म्हणालो. "आणि ओळ लिही."

तिने लिहिली. पाणी क्षणभर काळे झाले, मग हिरवे आणि स्वच्छ वाहू लागले, कुठेही न अडखळता. आम्ही दोघे ते पाहत राहिलो.

श्राद्धाला चार दिवस उरले होते. मी देवघरात गेलो, पोथीतले विसर्जनाचे ते पान उघडले आणि त्यावर खुणेसाठी दर्भाची एक काडी ठेवली. मागे दारापाशी कोणी उभे होते. या वेळी मी वळून पाहिले.