डाव्या वळणाची सुपारी

मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. भूत, करणी, राखणदार... कोणी असलं काही सांगायला लागलं की मी आधी विचारते, “वायरिंग तपासून घेतलंत का?” त्यामुळे हे सगळं मी लिहायला बसलेय, याचं सगळ्यात जास्त हसू मलाच येतंय.

आमचं घर रत्नागिरीत, बाग पावसला. बाबांनी सत्तरी ओलांडलीय, तरी आपली जुनी गाडी घेऊन रोज बागेत जाणार म्हणजे जाणारच. शेजारची सीट आईची. आई दोन वर्षांपूर्वी गेली आणि त्यानंतर काही दिवसांतच गाडीला आवाज सुरू झाला. स्टिअरिंग डावीकडे वळवलं की ‘च्च्... कर्रर्र!’ उजवीकडे वळवा — एकदम गप्प.

बाबा कानाडोळा करत होते. मला मात्र पावसच्या रस्त्यावरची वळणं दिसायची, एका अंगाला दरड आणि दुसरीकडे खाली समुद्र. कुठल्या तरी वळणावर स्टिअरिंगने दगा दिला तर? शेवटी मी बजावलं, आवाज गेला नाही तर गाडी विकायची. बाबांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. गाडी गेली की बाग सुटणार, आणि बाग सुटली की ते पडवीत बसून रस्त्याकडे बघत राहणार, हे मलाही कळत होतं. पण भीती वाटत होती, काय करू!

आमचे मेकॅनिक बशीरभाई पूर्वी कतारमध्ये मोठमोठ्या गाड्या दुरुस्त करून आलेले. त्यांनी बेल्ट बदलला, टाय रॉड एंड बदलले, शॉकअपच्या वरचं बेअरिंग बदललं. जॅक लावून चाकं उचलली की आवाज नाही, जमिनीला टेकली की हजर. मी त्यांना लोड आणि फ्रिक्शनवर छोटंसं लेक्चर दिलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि स्टिअरिंगचा अख्खा रॅकही बदलला. गाडी गॅरेजच्या दारातून डावीकडे वळली... च्च्... कर्रर्र.

“ताई, गाडीला काय एक नाय झालेला,” बशीरभाई हात पुसत म्हणाले. “ती रुसलीय.”

मी गाडी विकायला काढली. अलोऱ्याचे एक गृहस्थ बघायला येतो म्हणाले.

मध्येच पावसला आमच्या वाडीच्या देवळातल्या पूजेचा मान आमच्या घराकडे आला. यजमानाची बायको हयात नसेल तर तिच्या जागी त्याच्या कमरेला सुपारी खोचतात, तशी भटजींनी बाबांच्या कमरेला खोचली. आमच्याच बागेतल्या पोफळीची सुपारी. पूजा आटोपल्यावर बाबा तसेच गाडीत बसले, मी मागे प्रसादाचं पातेलं सांभाळत. घरापर्यंत एवढी वळणं लागली — आवाजच नाही!

घरी आल्यावर सुपारी देवघरात गेली. दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढली... च्च्!

मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. सुपारी गाडीत ठेवली, आवाज बंद. काढली, सुरू. दुकानातली सुपारी ठेवून बघितली, तेवढ्याच वजनाचा नट ठेवला, बाबांच्या नकळत सुपारी लांबवून बघितली. गाडीला एकदाही फसवता आलं नाही.

“तुझ्या आईनं मला कधी एकट्याला जाऊ दिलंन काय?” बाबा म्हणाले आणि सुपारी डॅशबोर्डच्या खणात ठेवून दिली. माझे डोळे भरून आले. फिजिक्स फिजिक्सच्या ठिकाणी.

आणि नेमके तेव्हाच अलोऱ्याचे गृहस्थ दारात. शब्द दिलेला, नाही कसं म्हणणार? गाडी आता गप्प होती, म्हणजे विकली जाणार हे नक्की. बाबांनी निमूटपणे खण उघडला, सुपारी काढून शर्टाच्या खिशात घातली आणि चावी त्या गृहस्थांच्या हातात दिली. “गाडी न्या,” खिसा थोपटत ते म्हणाले. “हिला काय मी विकायला काढलेली नाय.”

गाडी फाटकातून डावीकडे वळली मात्र... असा कर्कश आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. शेजारच्या काकू पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या. गृहस्थ कोकम सरबतालाही थांबले नाहीत.

गाडी अजून आमच्याकडेच आहे, बाबा रोज बागेत जातात, आणि खणात सुपारी असली की वळणावर चूं की चां नाही. असं का, हे मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कोणाला येत असेल तर जरूर सांगा.

पण त्या दिवशी फाटकात उभे राहून, खिशावर हात ठेवून बाबा गालातल्या गालात का हसत होते... तेवढं मात्र मला कळलंय.