ह्यांची ओळ मी वाचली नाही

चर्चमध्ये साक्ष द्यायला उभ्या राहिल्या की आमच्या मंडळीतल्या बायका आवाज मऊ करतात आणि मान खाली घालतात. मला ते कधी जमलं नाही. हायस्कूलच्या मैदानावर मुलींना पी.टी. शिकवण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं. गळ्यात शिट्टी आणि तोंडात ‘सावधान’. म्हणून प्रभूने आमच्या घरात काय केलं ते सांगताना माझा आवाज चढला, तर सांभाळून घ्या. मी त्याच्याशी गोडीने वागत नव्हते, भांडत होते. जे मिळालं ते त्या भांडणातच मिळालं, आणि ते तसंच सांगितलं नाही तर खोटं होईल.

आमचे हे एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. चंदगडची गाडी कुठल्या फलाटाला लागली आणि शिरोळची अजून का आली नाही, हे माईकवरून सांगणारा आवाज ह्यांचा. स्टँडवरचे रिक्षावाले ह्यांना तोंडावरून कमी आणि आवाजावरून जास्त ओळखायचे. रविवारी तोच आवाज चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायचा. पाळकसाहेब गमतीने म्हणायचे, “तुम्ही वाचायला लागलात की मला भीती वाटते, लोक पिशव्या उचलून गाडी धरायला पळतील.” हे हसायचे, पण वाचायची ढब बदलायचे नाहीत. देवाचं वचन शेवटच्या बाकावरच्या म्हातारीलाही ऐकू गेलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

लग्न झाल्यापासून आमच्या घरात एक रीत आहे. सकाळी चहाच्या आधी एक स्तोत्र वाचायचं, तेही आळीपाळीने. चर्चमध्ये पाळक एक ओळ वाचतात आणि मंडळी पुढची वाचते, अगदी तसं. पहिली ओळ ह्यांची, दुसरी माझी, तिसरी ह्यांची. आदल्या दिवशी कडाक्याचं भांडण झालेलं असलं तरी हे चुकलं नाही. त्या दिवशी ओळी जरा ताठ वाचल्या जायच्या, इतकंच. मग चहा, आणि चहाबरोबर वाद. ह्यांना शास्त्रातली सोशिक माणसं आवडायची, मला कुरकुर करणारी. देवाशी झोंबी घेऊन ‘आशीर्वाद दे, नाहीतर सोडत नाही’ म्हणणारा माणूस माझा. हे म्हणायचे, “तुला देवसुद्धा तुझ्या पी.टी.च्या तासाला रांगेत उभा असलेला पाहिजे.” शिवाजी पेठेतल्या आमच्या गल्लीत सकाळपासून तालमीची पोरं फुटबॉल बडवत असतात. त्या गोंगाटात आमचं बायबल वाचन आणि वादावादी, दोन्ही कोणाला ऐकू जायचं नाही.

एका सकाळी ह्यांनी पहिली ओळ वाचली, मी दुसरी वाचली, आणि तिसरीला ह्यांच्या तोंडून नुसता घोगरा आवाज आला. मी पुस्तकातून मान वर केली तर ह्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. दवाखान्यात कळलं की मेंदूत रक्ताची गाठ आहे. जीव वाचला. उजवा पाय हळूहळू टेकायला लागला, हातात थोडी ताकद आली. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणाले, “त्यांना सगळं समजतं, फक्त शब्द बाहेर येत नाहीत.” फक्त! ज्या माणसाने आयुष्यभर अख्ख्या स्टँडला वाट दाखवली, त्याला आता पाणी मागायला बोट दाखवावं लागत होतं.

मंडळी भेटायला आली. माणसं मनाने चांगली, डबे आणले, गीतं गायली. पण निघताना प्रत्येक जण दारात थांबून तेच सांगायचा, “देवाची इच्छा म्हणून स्वीकारा.” शास्त्रात एक माणूस सगळं गमावून राखेत बसतो आणि त्याचे मित्र सांत्वनाला येतात. गप्प बसले होते तोवर ते मित्र बरे होते. तोंड उघडलं आणि घाण केली. मला रोज ते मित्र आठवायचे. देवाची इच्छा काय आहे हे देवाने मला सांगावं, शेजारच्या बाकावरच्याने नाही, असं मी एका बाईंना तोंडावर सांगितलं. त्यानंतर डबे जरा कमी झाले.

रविवारचं वाचन दुसऱ्या कोणाकडे गेलं. चर्चचं काम थांबत नाही हे मला कळतं, पण त्या दिवशी हे बाकावर माझ्या शेजारी बसून स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. घरी आल्यावर मी मनाशी ठरवलं: चर्चमध्ये ह्यांची जागा भरली असेल, घरात भरायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुस्तक उघडून ह्यांच्यासमोर बसले आणि पहिल्या ओळीसाठी थांबले. ह्यांच्या ओठांची नुसती हालचाल झाली. एक ओळ म्हणायला जितका वेळ लागतो तितका वेळ मी गप्प राहिले, मग माझी दुसरी ओळ वाचली. पुन्हा थांबले. असं सबंध स्तोत्र. ह्यांची एकही ओळ मी वाचली नाही.

रोज हेच चाललं. पाळकसाहेब एकदा सकाळीच आले आणि त्यांनी हा प्रकार पाहिला. चहा झाल्यावर हळूच म्हणाले, “बाई, दोन्ही ओळी तुम्हीच वाचल्यात तर त्यांना पूर्ण वचन ऐकायला मिळेल. अर्धवट ऐकून काय होणार?”

मी म्हटलं, “त्यांची ओळ त्यांची आहे. मी वाचली की ती माझी होईल, आणि मग देवाला काही करायला उरणारच नाही.”

भले गृहस्थ आहेत, प्रार्थना करून गेले.

पण तुम्हाला खरं सांगते, ती मधली शांतता मला खायला उठायची. वर्गात पोरी उत्तर देत नाहीत तेव्हा शांतता असते, त्यात निदान पोरी असतात. इथे मी कोणासमोर थांबते आहे, तेच कळेना. हा सगळा हट्ट मी देवाच्या नावाने स्वतःसाठीच तर करत नाही? त्यात एक दिवस ह्यांनी डाव्या हाताने पुस्तक मिटवलं आणि तोंड भिंतीकडे केलं. डोळ्यांतून पाणी येत होतं. मला तेव्हा कळलं की माझ्या थांबण्याने ह्यांना रोज आपलं मुकेपण नव्याने बघावं लागतंय. बोलणं गेल्याचं दुःख मी सोसलं असतं. पण जो माणूस सोशिक माणसांची बाजू घेऊन माझ्याशी वाद घालायचा, त्यानेच पाठ फिरवली होती, आणि ते मला सोसवेना. मी पुस्तक पुन्हा उघडलं. म्हटलं, “नको असेल तर तोंडाने नको म्हणा.” निर्दयी वाटेल, पण तेच म्हटलं. आणि मनात प्रभूला बजावलं, की मी माझं केलं, आता तू बघ. ह्यांनी पुन्हा पुस्तक मिटवलं तर मी उघडणार नाही.

त्या दिवशी दुपारी ह्यांना व्यायामाला न्यायचं होतं. फिजिओथेरपीचं ते केंद्र आमच्या घरापासून रिक्षाने जवळ आहे. बाहेर व्हरांड्यात बाकं टाकलेली आहेत, पेशंट आणि त्यांची माणसं तिथे नंबरची वाट बघत बसतात. नंबर लांब होता. मी पिशवीतून बायबल काढलं आणि नेहमीसारखं सुरू केलं. हे माझ्याकडे बघतही नव्हते. मी थांबले, माझी ओळ वाचली, थांबले.

शेजारच्या बाकावर शिरोळकडचा एक शेतकरी आईच्या गुडघ्याच्या व्यायामासाठी तिला घेऊन आला होता. पांढरा शर्ट, गळ्यात माळ, आणि हळू बोलणं म्हणजे काय हे माहीत नसलेला गडी. थोडा वेळ तो कान देऊन ऐकत राहिला, मग पुढे वाकून पुस्तकात डोकावला.

“बाई, मधली मधली वळ सोडालायसा की ओ तुमी!”

मी म्हटलं, “मुद्दाम सोडते.”

त्याला ते काही पटलं नाही. “आवो, पोथीतली वळ गाळत न्हाईत. आमच्यात एक वळ गळाली तर अध्याय पुन्यांदा पयल्यापासनं वाचत्यात. डोळ्यांचा तरास हाय व्हय तुमास्नी? आणा हिकडं.”

मी काही बोलायच्या आत त्याने दोन्ही हात पुढे करून, अगदी मानाने, पुस्तक माझ्या मांडीवरून उचललं. कपाळाला लावलं. मग त्याने बोटाने जागा शोधली आणि पोथी लावतात त्या हेलात, अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशी, ह्यांची ओळ वाचायला घेतली. मी इतके दिवस जी कोणाला हात लावू दिली नव्हती, ती.

शेजारी धाडकन आवाज आला. ह्यांनी डाव्या हाताची मूठ बाकावर आपटली होती. चेहरा लाल झाला होता, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. स्टँडवर कोणी रांग मोडून गाडीत घुसलं की व्हायचा तसाच चेहरा. आणि त्या चेहऱ्यातून शब्द आला.

“माझं!”

जाडाभरडा होता, पण शब्दच होता.

“आयला, पावणं बोललं की!” तो गडी म्हणाला. मग त्याची नजर माझ्याकडे गेली. माझे डोळे वाहत होते आणि मी हसतही होते. काय झालं ते त्याला पुरतं कळलं नसावं, पण कुठेतरी काहीतरी कळलं. त्याने पुस्तक पुन्हा कपाळाला लावून, मला नाही, ह्यांच्या मांडीवर ठेवलं. “चुकलं बगा पावणं. तुमची वळ हाय, तुमीच वाचा. म्या न्हाय हात लावत.”

त्याची आई इतका वेळ तोंडाला पदर लावून बघत होती. ती म्हणाली, “कुनाच्या पोथीत तोंड घालतोस रं?” तेवढ्यात तिचा नंबर आला आणि तिला धरून तो आत गेला. आम्ही बाहेर आलो तेव्हा ती दोघं निघून गेली होती. नाव विचारायचं राहून गेलं. पुढे कित्येकदा त्या व्हरांड्यात मी पांढरा शर्ट दिसला की मान वर करून बघितलं, पण तो पुन्हा भेटला नाही.

डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, संतापात असा एखादा शब्द कधी कधी सुटतो. असेल. मला त्यांच्याशी वाद घालायचा नाही. मी फक्त एवढंच म्हणते, की रोज प्रार्थना करणारी, प्रभूची म्हणवणारी आम्ही सगळी ह्यांना शांत करायला बघत होतो, आणि ह्यांना पेटवायला प्रभूने शिरोळचा माळकरी पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यायच्या आधीच हे पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. ओळ काही वाचता आली नाही. पण माझी ओळ संपली की ह्यांचं तोंड उघडायचं, धडपडायचं, आणि कधी एखादं अक्षर, कधी एखादा शब्द बाहेर पडायचा. मी थांबायचे. आता ती शांतता मला खात नव्हती, कारण तिच्यात कोणीतरी काम करत होतं.

मग एका रविवारी उपासनेत ते स्तोत्र आलं, ज्याच्या प्रत्येक ओळीमागे मंडळीने एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायची असते. त्याची दया संपत नाही, असा तिचा अर्थ, आणि आमच्या शास्त्रात ती ‘आहे’ या शब्दावर संपते. पाळकसाहेबांनी पहिली ओळ वाचली, मंडळीने उत्तर दिलं, हे माझ्याशेजारी ओठ हलवत राहिले. मंडळीचं संपलं तेव्हा ह्यांचं अजून चालू होतं. पाळकसाहेबांनी पुढची ओळ सुरू केली.

“थांबा!”

मैदानावरचा आवाज होता तो. सगळं चर्च मागे वळलं. मला लाज वाटली नाही. मी ह्यांच्याकडे बोट केलं आणि म्हटलं, “ह्यांची ओळ व्हायची आहे.”

पाळकसाहेब थांबले. ह्यांचा जबडा हलत होता, हात पुढच्या बाकाला घट्ट धरला होता. सगळी मंडळी वाट बघत होती, ज्यांनी मला स्वीकारा म्हणून सांगितलं होतं तीसुद्धा.

“आहे,” हे म्हणाले.

एकच शब्द. शेवटच्या बाकावरच्या म्हातारीला ऐकू गेला.

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि दुसरी ओळ वाचली. मंडळीने उत्तर दिलं आणि या वेळी कोणी न सांगता सगळे थांबले. “आहे.” ते स्तोत्र लांब आहे. प्रत्येक ओळीला मंडळी थांबली आणि प्रत्येक ओळीला ह्यांनी तिला शेवट दिला. उपासना उशिरा सुटली, पण कोणी घड्याळ बघितलं नाही.

लोक विचारतात, शरण जाणं म्हणजे काय. मला वाटायचं शरण जाणं म्हणजे मान तुकवणं, आणि ती काही माझी तुकली नाही. पण आता वाटतं, ह्यांची ओळ मी वाचली नाही, तेव्हाच मी शरण गेले होते. माझ्या हातात होतं तेवढं मी केलं आणि जे माझं नव्हतं त्याला हात लावला नाही, तिथे प्रभूसाठी जागा ठेवली. भांडून ठेवली, पण ठेवली. त्याने ती भरली, आणि कोणाच्या हातून भरली तेही त्याचं त्याने ठरवलं. त्याबद्दल मी रोज त्याचे उपकार मानते, मोठ्या आवाजात.

पूर्ण ओळ हे अजून वाचू शकत नाहीत. रोज सकाळी मी माझी वाचते आणि थांबते. चहा निवतो, निवू दे.