आत्याची चूक कोण काढणार?

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आमच्या शाळेच्या आठवीच्या वर्गात 'छान' या शब्दावर आजपासून बंदी घालण्यात आली आहे.

ही घोषणा मी टेबलावर डस्टर आपटून केली. खडूची धूळ उडाली आणि पहिल्या बाकावरून आवाज आला, "छान, सर!"

बेत साधा होता. एखादा पदार्थ कसा करायचा ते असं लिहायचं, की वाचणाऱ्याला तो करता यावा. मग शेजाऱ्यानं वाचून एक आवडलेली गोष्ट सांगायची आणि एक सुधारणा. पण आमचं गाव पारोळ्याजवळचं, अर्धा वर्ग एकाच भावकीतला. भरीत लिहिलेल्या चुणचुणीत मुलीशेजारी मी वर्गातला सर्वांत दांडगा मुलगा बसवला. तो वही वाचून घुम्यासारखा बसला.

"बोल की!"

"सर, ती माझी आत्या लागते."

"अरे, तुझ्याहून लहान आहे ती!"

"वयानं. नात्यानं मोठी शे. चुका काढल्या तर आबा कान उपटतील."

मी पुढच्या जोडीकडे वळलो. तिथे एकजण म्हणाला, "सर, हा माझा काका." काका बाहीला नाक पुसत होता. त्यानं गंभीरपणे मान डोलावली.

धुळ्याहून बदली होऊन आलेल्या बँकवाल्यांचा मुलगा तेवढा कुणाचाच कुणी नव्हता. त्याच्या शेवभाजीवर बठ्ठा, म्हणजे अख्खा वर्ग तुटून पडला. रस्सा पातळ, शेव आधीच टाकली, मीठ कुठंय? बिचारा भराभर खोडत होता आणि त्याचं लेखन डोळ्यांदेखत सुधारत होतं.

भरीतवाली ते बघत होती. शनिवारी तिला जळगावला, जिल्ह्याच्या स्पर्धेत हेच वाचायचं होतं. तिचा आवाज एकदम चढला.

"सर, मागच्या वर्षी सगळ्यांनी छान छान म्हणून पाठवलं मला. तिथे परीक्षकांनी भर सभेत चूक दाखवली, सगळे हसले. परत तसंच जाऊ का?"

तिच्या लिखाणातली चूक मला केव्हाच दिसली होती, पण मी ओठ घट्ट मिटले. आता मी बोललो असतो, तर पुन्हा कुणीच बोललं नसतं.

ती भाच्याकडे वळली. "आत्या म्हणतोस ना? मग आत्या सांगते, चूक काढ!"

दांडगोबा उभा राहिला. त्यानं खिडकीबाहेर पाहिलं, आबा नाहीत याची खात्री केली, आधी वाकून तिला नमस्कार केला, आणि मग त्याच्या तोंडून एका दमात बाहेर पडलं:

"आत्या, मिरच्यास्ना ठेचा एक नंबर शे, पन वांगं भाजानं तू लिखंच नही! कच्चंच कुटी ऱ्हायनी तू!"