फोडणीबाईंचं ताट

"फोडणीबाई आल्या कामावरून, लावा खिडक्या," असं त्या जिन्यावरचे लोक सतरा वर्षं म्हणत आले. बाईंना ते ऐकू येई. पण पोटासाठी दुसऱ्याच्या मुलखात आलेल्या माणसाने कान उघडे आणि तोंड मिटलेलं ठेवावं, हे त्या लवकरच शिकल्या होत्या. दिवसभर इस्पितळाच्या भटारखान्यात मिळमिळीत खाण्याची पातेली घासायची आणि घरी येऊन तापल्या तेलात लसूण टाकायचा, एवढीच त्यांची चैन. राहायला आल्या त्याच वर्षी मोठ्या उमेदीने त्यांनी खालच्या मजल्यावरच्या काकूंना झाकलेलं ताट नेऊन दिलं होतं. त्यावर ना बरं आलं, ना वाईट; ताटही आलं नाही.

मग एके दिवशी एक चित्रकारीण जिना चढून आली. परका आणि शेजार यांविषयीचा एक प्रयोग तिला कलादालनात करायचा होता. बाईंनी सर्वांदेखत रांधायचं, शेजाऱ्यांनी आळीपाळीने पळी फिरवायची. बाईंनी एकच अट घातली, की आलेल्याने जेवूनच जायचं. "अर्थातच," चित्रकारीण म्हणाली.

बाईंनी रजा टाकली, मसाला घरी कुटला. शेजारी झाडून सारे आले. दारावरच्या पाटीवर चित्रकारणीचं नाव ठळक होतं. खाली बारीक अक्षरांत 'साहित्य : शेगडी, पातेलं, लसूण, स्थलांतरित स्त्री.' बाईंनी ते दोनदा वाचलं आणि बाह्या वर सारल्या. म्हटलं, जेवतील तर खरे.

लसूण तडतडला तशी खिडक्या लावणाऱ्यांनीच डोळे मिटून वास घेतला, टाळ्या वाजवल्या. पण बाईंनी वाढायला पळी उचलली, आणि चित्रकारणीने त्यांचा हात हलकेच धरला. अन्न सर्वांसमोर निवत जाणं, हाच म्हणे प्रयोगाचा शेवट होता. लोक जेवले असते, तर ती नुसती खानावळ झाली असती.

पातेल्यातल्या कालवणावर साय धरू लागली. खालच्या काकू डोळे पुसत जवळ आल्या.

"काय सुंदर झालं हो! इतकी वर्षं एका जिन्यावर राहतो, पण कधी बोलावलं नाहीत. आता मात्र आम्ही जेवायला येणार."

बाईंनी शेगडी बंद केली, हात पुसले.

"येऊ नका. माझं ताट तेवढं पाठवून द्या. सतरा वर्षं झाली त्याला."