डाईंगवाल्या आप्पांची पॉलिसी

आमच्या धंद्यात माणूस पेन्शनचं विचारायला येतो आणि घरातलं सगळं सांगून जातो. मग किस्से साठणार नाहीत तर काय! गोडादऱ्यात फरसाणाच्या दुकानावर माझं आणि पार्टनर जिग्नेशचं ऑफिस. रिटायर होणाऱ्यांना पीएफ, पेन्शन, हेल्थ इन्शुरन्स समजावून सांगायचं आणि त्याची फी घ्यायची, एवढंच आमचं काम. पण पुंडलिक आप्पा आले आणि आमची करमणूक फुकटात होऊ लागली.

आप्पा मूळचे पारोळ्याकडचे, बमरोलीच्या मिलमध्ये डाईंग खात्यात उभं आयुष्य काढलेले. नोकरीबरोबर दवाखान्याची सोयही संपणार होती. म्हणून मी पहिल्याच दिवशी म्हटलं, "आप्पा, बाकी राहू द्या, आधी हेल्थ पॉलिसी घ्या."

"माले काय व्हयेल शे!" आप्पा म्हणाले.

* * *

सल्ला घ्यायला आप्पा एकटे आले नव्हते. अख्खं डाईंग खातं टेम्पोत घालून आणलं होतं! खुर्च्या संपल्या, मंडळी जिन्यात बसली.

मी विचारलं, "आप्पा, काही आजार?"

आप्पांनी तोंड उघडण्याआधीच खात्यानं निकाल दिला, "काही नाही!"

"जिना चढताना दम लागतो का?"

आता मात्र खात्यात दोन तट पडले. लागतो म्हणणारे आणि जिनाच वाईट आहे म्हणणारे. शेवटी हात वर करून मतदान झालं आणि आमचा जिना दोषी ठरला.

* * *

मग रक्ततपासणी. मी बजावून सांगितलं, "सकाळी काहीही खायचं नाही."

रिपोर्ट आला तेव्हा साखर बघून जिग्नेश खुर्चीतून उठलाच. आप्पांना विचारलं, तर ते शपथेवर आले.

"अन्नाला शिवलो नाही, भाऊ! नुसती साबुदाण्याची खिचडी, भगर आणि दोन केळी. तोंडी लावायला राजगिऱ्याचा लाडू."

दुसऱ्यांदा रक्त दिलं तेव्हा आप्पांच्या शेजारी त्यांच्या बायकोला, शेवंताअक्कांना, पहाऱ्याला बसवलं.

* * *

पेन्शनसाठी मोबाईलवर चेहरा जुळवायचा होता. त्यासाठी आप्पा केस रंगवून आले. आयुष्यभर कापड रंगवलेला माणूस, केस कमी रंगवेल का! केस, मिशा, भुवया, सगळं काळंकुट्ट. मोबाईल काही केल्या त्यांना ओळखेना.

जिग्नेश म्हणाला, "आप्पा, आ तो तमारा छोकरानो फोटो लागे छे!"

"धुऊन या," मी म्हटलं.

आप्पांचा चेहरा पडला. मग छाती पुढे काढून म्हणाले, "पक्का रंग शे. धुईसन जावाव नई!"

* * *

पॉलिसीचा फॉर्म भरताना नॉमिनीचा रकाना आला. "आप्पांच्या मागे पैसे कुणाला?" असं मी विचारलं मात्र, अक्कांनी माझ्या हातातलं पेनच काढून घेतलं.

"माणूस जिता बठेल शे समोर! काय बोलता, भाऊ?"

मी समजावलं, कायद्यानं कुणाचं तरी नाव लागतंच. अक्कांनी विचार केला. "मी त्यांच्या आधीच जाणार. मग माझ्या जागी त्यांनाच लिहा."

म्हणजे आप्पांच्या मागे पैसे आप्पांना! तो रकाना भरायला तीन चहा लागले, पण पॉलिसी निघाली.

* * *

आणि बरं झालं निघाली. रस्ता ओलांडताना आप्पांना बाईकनं उडवलं आणि मांडीचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन आजच करायला हवं. मुलगा हजीऱ्याच्या कारखान्यात शिफ्टवर, त्याचा फोन गेटवर जमा. मी हॉस्पिटलात पोचलो तेव्हा आप्पा ट्रॉलीवर डोळे मिटून पडले होते आणि अक्का कठडा धरून उभ्या होत्या.

विमा कंपनीचा फोन आला. पेशंटच्या पत्नीशी बोलल्याशिवाय मंजुरी नाही. मी फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, पेशंट का नाम बताइए."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, आपके पति का नाम?"

"आमच्यात घेत नाहीत," अक्का मला हळूच म्हणाल्या.

"साहेब, मी सांगतो," मी मध्ये पडलो.

"आप नहीं, सर. कॉल रेकॉर्ड हो रहा है. बीवी को पति का नाम नहीं मालूम? तो केस जाँच में जाएगा."

जाँच म्हणजे चार दिवस गेलेच! मी अक्कांपुढे हात जोडले. अक्कांनी एकदा ट्रॉलीकडे बघितलं, पदर डोक्यावरून घेतला, भिंतीकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"तापीच्या पुलावर वारा सुटला गार, पुंडलिकरावांचं नाव घेते, उघडा ऑपरेशनचं दार!"

मग साहेब जरा नरम आवाजात म्हणाला, "मॅडम, एक बार और बोलेंगे? हमारे सीनियर को भी सुनाना है."

"एकदा घेतलं ना!" अक्का कडाडल्या.

थोड्या वेळात मंजुरी आली. वॉर्डबॉयनं ट्रॉली ढकलली, तशी आप्पांनी दाराची चौकट घट्ट धरली. डोळे उघडले आणि म्हणाले,

"थांबा. तिला म्हणावं, अजून एकदा घे."

अक्कांनी त्यांची बोटं एकेक करून चौकटीवरून सोडवली.

"घर या. मंग लेसू."